सतरा नंबरचा तुकडा

सुभद्रा परबबद्दल लिहायचं म्हटलं की आधी माझ्याबद्दल चार वाईट गोष्टी लिहाव्या लागतात. म्हणून इतके दिवस टाळत होते. आज बसलेच आहे, तर होऊन जाऊ दे.

मी दुर्गा सबनीस. लालबागच्या आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर मुलगा, सून आणि नातीबरोबर राहते. फोर्टमधल्या एका विमा कचेरीत छत्तीस वर्षं घासली आणि हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. चाळीत कोणाला इंग्रजीत अर्ज करायचा असो, बँकेचं पत्र समजून घ्यायचं असो, पाणीखात्याला खरमरीत तक्रार धाडायची असो, माणूस माझ्या दारात हजर. 'दुर्गाबाईंनी लिहिलं म्हणजे साहेबाला उत्तर द्यावंच लागतं' असं लोक म्हणायचे, आणि मी 'छे हो, कसलं काय' म्हणत आतून फुगायचे. खोटं कशाला बोलू?

सुभद्रा आमच्यापासून दोन दारं सोडून. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी लहान, मालवणकडची, शाळा चौथीपर्यंत. ती लग्न होऊन आली तेव्हा तिचा नवरा शामराव गिरणीत होता. पुढे संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. सहा महिने शामराव गॅलरीत कठड्याला टेकून नुसता खाली बघत उभा असायचा. एक दिवस सुभद्राने कुठूनसं पायाचं शिलाई मशीन आणलं, खिडकीशी मांडलं आणि त्याला म्हणाली, "तुम्ही बघा रस्त्याकडे, मी बघते घराकडे." हे तिने रागाने म्हटलं नव्हतं. पण शामराव त्या दिवसापासून कठडा सोडून तिच्या शेजारी बसायला लागला, हुक लावायला, गळ्याचे दोरे तोडायला.

तेव्हापासून चाळीतल्या बायकांचे ब्लाउज सुभद्राकडे. तोंडात टाचण्या धरून ती बोलायची, आणि त्या टाचण्यांमधून कोणाचीही फिरकी घ्यायची. "काय गो, आंबे जास्त झाले वाटतं यंदा?" असं म्हणत फीत कमरेभोवती टाकायची. समोरची लाजली की लगेच म्हणायची, "घाबरू नको, आतून दोन बोटं कापड सोडते, अजून एक मे महिना निघेल." आणि तिची एक खास पद्धत होती. कच्चा टाका मारून कपडा अंगावर चढवला की ती सांगायची, "आता दोरीवर कपडे वाळत घाल बघू." मग त्या बाईने दोन्ही हात उंच करून हवेतच साड्या झटकायच्या, चिमटे लावायचे. बाकीच्या बायका हसायच्या. सुभद्रा हसायची नाही. ती तेव्हा फक्त मुंढ्याकडे, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तिथे बघायची. तिथे एक सुरकुती दिसली तरी सगळं उसवायची. "बाई कपडे घालून नुसती उभी राहत नाही, राबते," असं तिचं म्हणणं.

चाळीस वर्षांत तिच्या हातचा कपडा बिघडला असं कोणी म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. म्हटलं गेलं ते गेल्या वर्षी, आणि ते माझ्यामुळे.

झालं असं. माझ्या नातीला, ऋताला, वेषभूषेच्या स्पर्धेत उतरायचं होतं. आजकालच्या मुलांचं ते वेड असतं ना, कुठल्यातरी काल्पनिक राज्यातली माणसं होऊन मिरवायचं, तसलं. दादरच्या एका हॉलमध्ये मोठी स्पर्धा होती. ऋताला व्हायचं होतं वनराणी. तिच्या मावशीने परदेशातून कपडे बेतायच्या छापील कागदांचं एक पाकीट पाठवलं होतं. पाकिटावर चित्र होतं: पायघोळ झगा, खाली हिरव्या साटनचा घेर, त्यावर पानांच्या आकारात कापलेल्या झिरझिरीत ऑर्गेंझाचे चार थर, वर मखमलीची घट्ट चोळी आणि तिच्यातूनच निघालेल्या लांब, टोकदार बाह्या. आत पिवळट पातळ कागदाच्या चादरीएवढ्या घड्या आणि इंग्रजी सूचनांची आठ पानं.

"परबआजी, शिवाल ना? नाही म्हणू नका हां, प्लीज," ऋता म्हणाली.

सुभद्राने तो कागद हातात घेऊन उजेडात धरला. एकेका आकाराभोवती सात-सात रेघा, बाण, त्रिकोण, ठिपके. म्हणाली, "शिवेन गो. पण हे वाचणार कोण?"

ऋता कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये बुडालेली. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "आजी आहे ना! आजीचं इंग्लिश एकदम मस्त आहे."

आणि मी चष्मा पुसला. एवढ्यावर नाही म्हणणारी मी नव्हतेच.

हिंदमाताच्या कापडबाजारातून कापड आलं. रोज दुपारची आवराआवर झाली की मी पानं घेऊन सुभद्राकडे जायची. मी वाचायची, ती टाचायची. कागद चुरगळलेला म्हणून तिने त्यावर कोमट इस्त्री फिरवली, ऋताच्या मापाची रेघ खडूने जाड करून घेतली. मखमलीची लव कुठल्या दिशेला बसते ते हात फिरवून पाहिलं आणि मी वाचायच्या आधीच सगळे तुकडे एका दिशेला लावले. मी वाचलं, तर तेच लिहिलेलं. "बघा वैनी, गोऱ्या शिंप्यालाही कळतं हां," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की शामराव आतून बघायला आला. चार दुपारी छान गेल्या. चाळीस वर्षं शेजारी राहून आम्ही एवढ्या बोललो नव्हतो. ती मला सांगत होती, तिचा आजोबा गावात सदरे शिवायचा, त्याच्या मांडीवर बसून ती सुईत दोरा ओवायची.

पाचव्या दुपारी आम्ही चोळीवर आलो. चौथ्या पानावर सतरा नंबरच्या तुकड्याबद्दल सात ओळी होत्या. तुकडा म्हणजे तळहाताएवढा, पतंगाच्या आकाराचा चौकोन. त्या सात ओळी मी वाचल्या. पुन्हा वाचल्या. मला ओ की ठो कळलं नाही. शब्द सगळे ओळखीचे: चीर, कोपरा, ठिपका, उलटी बाजू, वळवा, परत वळवा. पण ओळीने लागले की डोक्यावरून जात. शेजारच्या चित्रात नुसते बाण.

सुभद्रा तो कागदी चौकोन बोटांवर फिरवत होती. एरवी ती आमच्याशी साधं बोलते. मालवणी आली की समजावं, बाई विचारात आहे किंवा रागात. तेव्हा ती म्हणाली, "वैनी, ह्यो बगलेत येतलो काय? आजो सदऱ्याक असोच चौकोन लावायचो."

तिने बरोब्बर ओळखलं होतं. कागदावर नजर न टाकता, हाताने ओळखलं होतं. मी नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण 'हो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, कसा लावायचा, काय लिहिलंय? आणि ते मला सांगता आलं नसतं. ऋताला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. संध्याकाळपर्यंत थांबून दीपिकाला, माझ्या सुनेला, विचारलं असतं तरी चाललं असतं. पण मग 'आई, तुम्हाला हे नाही कळलं?' असं झालं असतं. ते मला नको होतं.

मी पान उलटलं आणि म्हणाले, "छे गं. शोभेचा आहे तो. हवा असेल तर लावा, नाहीतर राहू द्या, असं दिलंय."

"शोभेचा? बगलेत कोण बघता शोभा?"

"छापलंय ना इथे. आपण वेगळं कशाला करायचं?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पानाकडे. "छापलंय म्हणजे तसंच असेल," असं म्हणून चौकोन बाजूला ठेवला. बगलेत कागदाप्रमाणे जी चीर कापली होती, ती तिने दुहेरी शिलाई मारून मिटवून टाकली.

अंगावर घालून बघायचा दिवस आला. झगा काय दिसत होता म्हणून सांगू! ऋता वळली की ते चार थर एकामागून एक वळायचे. पानांच्या कडांना सुभद्राने हाताने गोट घातला होता. दीपिकाचे डोळे भरून आले. सुभद्रा म्हणाली, "आता दोरीवर कपडे वाळत घाल."

ऋताने हात उचलले ते खांद्याएवढे, आणि थांबले.

"बगलेत ओढता," सुभद्रा म्हणाली. ऋताला नाही, मला म्हणाली.

देवाने मला दुसऱ्यांदा संधी दिली होती. मी काय म्हणावं? मी म्हटलं, "परदेशी कपडे असेच असतात, अंगाबरोबर." त्यावर ऋता हसून म्हणाली, "आणि राणी कशाला कपडे वाळत घालेल, परबआजी?" सगळ्या हसल्या. सुभद्राने तरीही हट्टाने बगलेत आणखी एक शिलाई घातली. आतून सोडायची ती दोन बोटं कापड तिथे उरलंच नव्हतं.

दादरच्या हॉलमध्ये ऋता स्टेजवर आली तेव्हा टाळ्या पडल्या. शेवटी तिने हातातली फांदी दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरायची होती. तिने धरली. टर्रकन आवाज झाला तो मला सहाव्या रांगेत ऐकू आला, की मला तसा भास झाला, कोण जाणे. डावी बाजू बगलेपासून कमरेपर्यंत उसवली. पोर एका हाताने फाटकी चोळी धरून मागे पळाली. पोरांचे मोबाइल चालू होतेच. घरी पोहोचेपर्यंत ती क्लिप चाळीच्या ग्रुपवर आलेली होती, खाली हसरी तोंडं.

ऋता पलंगावर उपडी पडून रडत होती. दीपिकाने तो झगा उचलला आणि तडक सुभद्राच्या दारात गेली. मी मागोमाग.

"परबकाकू, हे काय? अहो, नुसते हात वर केले पोरीने! नुसते हात! सगळ्या हॉलसमोर शोभा झाली तिची." दीपिका वाईट नाही. पण आईच ती, आवाज चढला. गॅलरीत दारं उघडली. खालच्या मजल्यावरची शैला जिन्यात येऊन थांबली.

सुभद्राने झगा उलटा केला. बगलेतली शिलाई बोटांनी चाचपली. तिन्ही ओळी अजून धड होत्या, कापडच त्यांच्या कडेने सुटलं होतं. मग तिने मान वर केली आणि दीपिकाच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. पाहतच राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. ती माझ्या बोलण्याची वाट बघत होती.

मी चष्मा काढला आणि पदराने पुसायला लागले.

किती वेळ पुसला माहीत नाही. ती म्हणाली, "असांदे. चुकलं माझं." आणि झगा घडी करून दीपिकाच्या हातात दिला.

त्या रात्री माझ्या घशाखाली घास उतरला नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. पण उतरला. मी जेवले. सकाळी सांगू म्हटलं. सकाळी दीपिका घाईत होती. दुपारी म्हटलं, ऋता जरा सावरू दे. असे आठ दिवस गेले आणि मग आता एवढ्या उशिरा काय सांगायचं, असं झालं. मला भीती सुनेची नव्हती. 'दुर्गाबाईंना इंग्रजी येत नाही' हे एक वाक्य गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकाला जाईल, याची मला भीती होती. बहात्तराव्या वर्षी, सगळं होऊन गेल्यावर, मी त्या वाक्याला भ्याले.

मग शैला वर आली. तिच्या अक्षताचं लग्न ठरलेलं. रुखवताच्या साड्यांवरचे चौदा ब्लाउज सुभद्राकडे शिवायला टाकलेले, अजून कात्री लागायची होती. मी माझ्या दारातून ऐकत होते. शैला गोड आवाजात म्हणाली, "काकू, तुम्हाला कशाला त्रास? आता वयही झालं. नजर पूर्वीसारखी राहत नाही कोणाचीच." सुभद्राने एकेक कापड झटकून, घडी घालून, ज्याच्या त्याच्या साडीशी रंग जुळवून परत केलं. शामराव मध्ये काहीतरी बोलायला गेला, तर तिने त्याला हाताने थांबवलं.

'वय झालं परबकाकूंचं' हे वाक्य मात्र गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकाला गेलं. दिवाळीला तिच्याकडे एकही ब्लाउज आला नाही. साडीचा फॉल लावायचा, पँटची चेन बदलायची, उशीचे अभ्रे, एवढंच. दुपारी तिचं मशीन ऐकत मला झोप लागायची, इतकी वर्षं. आता दुपारी नवरा-बायको दारात बसून लसूण सोलायचे. मला बघून ती म्हणायची, "जेवलात वैनी?" रोज म्हणायची. मला ते सोसायचं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

माघात अक्षताचं लग्न. दोन दिवस आधी दुपारी शैलाकडे बांगड्या भरायला सगळ्यांना बोलावणं. खोलीत बायकाच बायका, मधे बांगडीवाली हिरव्या चुड्याच्या पेट्या उघडून बसलेली. ब्लाउज कुठल्याशा बुटिकमधून शिवून आलेले, ते हातोहात फिरत होते. सुभद्राच्याही हाती एक आला. तिने सवयीने तो उलटा केला, आतून पाहिला आणि पुढे दिला. तेव्हा शैलाची जाऊ हसत म्हणाली, "परबकाकू, बांगड्या तरी हळू भरा हां, नाहीतर त्याही उसवतील!"

खोलीभर खसखस पिकली. सुभद्राही हसली. तिचं ते हसणं बघून माझं डोकं फिरलं.

"गप्प बसा!" मी ओरडले. "काही उसवलं नसतं. ती चूक माझी होती. त्या कागदावर काय लिहिलंय ते मला कळलं नाही आणि मी हिला खोटं सांगितलं. हिने बरोबर ओळखलं होतं, बगलेत तुकडा हवा म्हणून. मी म्हटलं, नको, शोभेचा आहे. मला इंग्रजी येत नाही, समजलं? अर्ज येतात, पत्रं येतात, ते नाही आलं. मी घाबरून गप्प बसले आणि तुम्ही हिला वेड्यात काढलंत."

वाटलं, झालं, एकदाचं ओझं उतरलं. आता काय बोलायचं ते बोला.

शैला उठली, माझ्याजवळ आली आणि चक्क माझ्या पाया पडली. म्हणाली, "मावशी, तुमच्यासारखं मन कोणाचं असणार? शेजारणीसाठी एवढं अंगावर घेतलंत."

"अगं, अंगावर घेतलं नाही, खरंच—"

"राहू द्या हो," दुसरी म्हणाली, "तुम्हाला इंग्रजी येत नाही! आमच्या मुलाच्या ॲडमिशनचं पत्र कोणी लिहिलं मग?" पुन्हा हशा. दीपिकाने माझे दोन्ही हात धरले. तिच्या डोळ्यांत पाणी. "आई, मी त्या दिवशी काकूंना फार बोलले, ते तुम्हाला लागलं, मला कळतंय. पण त्यासाठी तुम्ही स्वतःला कमी का करून घेता?"

मी पुन्हा पुन्हा सांगितलं. सात ओळी सांगितल्या, चीर सांगितली, आजोबाचे सदरे सांगितले. जितकं सांगावं तितक्या बायका माना डोलवायच्या, एकमेकींना खुणा करायच्या: बघ, किती मोठ्या मनाची बाई. शेवटी मी सुभद्राकडे वळले. "तू सांग ना यांना! तू विचारलं होतंस की नाही मला, बगलेत येईल का म्हणून?"

सगळ्या तिच्याकडे बघायला लागल्या. ती तिच्या जागेवरून उठली, माझ्याजवळ आली, आणि मला एकटीला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात बोलली.

"वैनी, ह्यां बोलणां त्या दिवशी माझ्या उपयोगाक इलां असतां. आज तां तुमच्याच उपयोगाक इलां."

मग ती बांगडीवालीपुढे जाऊन बसली आणि तिने हात पुढे केला.